मराठवाड्यात लोकेशन शोधताना : पाण्याच्या मागे गेले की जागा सापडतात

रेकीवाली

चित्रपटासाठी आणि मालिकांसाठी जागा शोधून देणे हा माझा व्यवसाय आहे. दिग्दर्शक, छायालेखक आणि कलादिग्दर्शक गाडीतून उतरण्याआधी एकट्याने जाऊन जागा पाहायची, छायाचित्रे आणि मापे आणायची, ऊन कुठल्या बाजूने येते, जनरेटरची गाडी कुठपर्यंत जाते, जवळ मुक्काम आहे का आणि परवानगी कोणाकडे मागायची, एवढे तपासून ठेवायचे, असे त्याचे साधारण स्वरूप आहे. यालाच आमच्या धंद्यात रेकी म्हणतात.

मराठवाड्याचे नाव निघाले की निर्मात्यांच्या तोंडून वेरूळ, अजिंठा, दौलताबाद आणि बीबी का मकबरा ही ठरलेली नावे येतात. ही सर्व स्थळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत असल्यामुळे कथापटाची परवानगी मिळवण्यात बराच वेळ जातो, आणि ती मिळाली तरी दिवे, ट्रॉली आणि माणसांची संख्या यांवर इतकी बंधने येतात की छोट्या निर्मितीला ते परवडत नाही. मग कथेत वाडा किंवा घाट असला की गाड्या सवयीने वाई-मेणवलीकडे वळतात. मराठवाड्याची आठवण होते ती दुष्काळ दाखवायचा असेल तेव्हा, आणि तीही भेगाळलेल्या जमिनीच्या एका दृश्यापुरती. ज्या प्रदेशाने पाणी साठवण्यासाठी आणि वळवण्यासाठी शतकानुशतके एवढी बुद्धी खर्च केली, त्याच्याकडे चित्रपटाने मागावे काय, तर कोरडी माती!

माझा अनुभव असा आहे की गावात जाऊन "इथे पाहण्यासारखे काय आहे?" असे विचारले की लोक आपल्याला मंदिराकडे नेतात, आणि ते मंदिर बहुतेक वेळा नुकतेच ऑइलपेंटने रंगवलेले असते. त्याऐवजी पारावर बसलेल्या एखाद्या आजोबांना "नळ यायच्या आधी गाव पाणी कुठून भरायचे?" असे विचारले की ते काठी टेकत आपल्याला अशा जागी घेऊन जातात, जिचे छायाचित्र पाहून मुंबईचा कलादिग्दर्शक खुर्चीतून उठतो. लपलेल्या जागा शोधण्याची एकच युक्ती मला सापडली आहे आणि ती म्हणजे पाण्याची जुनी वाट धरून जाणे.

परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातील वालूरची बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, त्याच वाटेवर आहे. बहुतेक बारवांमध्ये पायऱ्या सरळ रेषेत किंवा चारी बाजूंनी खाली उतरतात, येथे मात्र त्या मळसूत्रासारख्या फिरत तळाकडे जातात. ती गाळाने आणि कचऱ्याने भरली होती, ती गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली. कॅमेऱ्याच्या दृष्टीने तिचे मोल फार मोठे आहे, कारण उतरणारे पात्र एकाच चौकटीत कधी पाठमोरे, कधी समोरून दिसते आणि त्यासाठी कॅमेरा हलवावा लागत नाही. तळाशी ऊन फार थोडा वेळ पोहोचते, म्हणून दुपारची दृश्ये आधी उरकावीत आणि पायऱ्यांवरची सावलीतील दृश्ये नंतर घ्यावीत. त्याच जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात चारठाणा आहे, जिथे जुनी मंदिरे, उंच स्तंभ आणि बारव असा सगळा पसारा वस्तीत मिसळलेला आहे. तिथे अडचण एवढीच की कोणत्याही कोनातून पाहिले तरी चौकटीत एखादी डिश अँटेना येतेच.

पितळखोरे तर वेरूळच्या सावलीत अक्षरशः झाकले गेले आहे. कन्नड तालुक्यात, गौताळा अभयारण्याच्या परिसरात, दरीत उतरणाऱ्या पायऱ्या ओलांडून गेले की इसवी सनापूर्वी खोदायला सुरुवात झालेली ही लेणी दिसतात. विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, दाराशी द्वारपाल आहेत आणि तेथेच पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे. वरच्या बाजूचे पाणी खडकात खोदलेल्या पन्हळीतून आणून या नागाच्या फण्यांतून बाहेर पडेल अशी योजना त्या कारागिरांनी केली होती. पावसाचे पाणी लेण्यात शिरू नये ही रोजची अडचण सोडवताना त्यांनी शिल्प घडवले. येथे पुरातत्त्व आणि वन अशा दोन्ही खात्यांचे नियम लागतात, म्हणून कथापटाचा हट्ट धरू नये, पण माहितीपट करणाऱ्यांनी ही जागा अवश्य पाहावी.

आणि शेवटी नळदुर्ग. धाराशिव जिल्ह्यातील हा किल्ला अनेकांनी सोलापूर-हैदराबाद महामार्गावरून जाताना दुरून पाहिलेला असतो. आत बोरी नदीवर बंधारा घातलेला आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, मीर इमादीन याने तो बांधला. पावसाळ्यात बंधारा भरून वाहू लागला की दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते, त्यांना नर आणि मादी अशी नावे आहेत, आणि महालातील खिडकीत उभे राहणारा माणूस त्या कोसळत्या पाण्याच्या मागच्या अंगाला कोरडा उभा असतो. पडद्यावर हे दाखवायला एरवी सेट, पंप आणि संगणकावरचे काम लागले असते. एका बाजूला मुख्य किल्ला, दुसऱ्या बाजूला रणमंडळ हा जोडकिल्ला आणि मधून बंधाऱ्याची वाट, अशी रचना असल्यामुळे पाठलागाचे दृश्य जणू वास्तुविशारदानेच आखून ठेवले आहे. इंग्रज अधिकारी मेडोज टेलर हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या जिल्ह्याचा कारभार पाहत असताना येथे राहिला होता, आणि त्याला या जागेचा मोह का पडला असेल हे उपळी बुरुजावर चढल्यावर विचारावे लागत नाही.

आपापल्या भागातील अशा जागा येथे लिहाव्यात. केवळ नाव पुरेसे नाही. वाट कशी आहे, कोणत्या ऋतूत काय दिसते आणि गावाची तयारी कशी आहे, हे लिहिले तर सर्वांना उपयोग होईल.

खडकीकर

ताई, तुमचे पाण्याचे सूत्र आमच्या शहराला तर तंतोतंत लागू पडते. पाणचक्की पाहायला सारे जग येते, परंतु मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी वसवलेल्या खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणी पुरवणारी नहर-ए-अंबरी जमिनीखालून जाते, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचे भूजल केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्याची ही योजना होती. तिच्या वाटेवर हवा खेळती राहावी आणि गाळ काढता यावा म्हणून ठेवलेली दगडी तोंडे अजून काही ठिकाणी शेतांत आणि वसाहतींच्या मागे दिसतात. रहस्यकथेसाठी यापेक्षा चांगली सुरुवात कोणती असेल? मात्र नहरीच्या आत उतरून चित्रीकरण करण्याचा विचार कोणी करू नये, कारण आतील हवेची खात्री नसते आणि बांधकामावर वरून घरे व रस्ते यांचा भार आलेला आहे. वरची तोंडे चित्रित करावीत आणि आतला भाग सेटवर उभारावा.

बालाघाट

बीडची खजाना विहीर या यादीत हवीच. निजामशाहीत सलाबतखानाच्या काळात ती बांधली गेली, असे सांगितले जाते. नाव ऐकून लोक खजिना शोधायला जातात. खरी गंमत अशी की विहिरीत पाणी आणणारे आणि पुढे शेतांकडे नेणारे भुयारी बोगदे आजही समजण्यासारखे आहेत. शहरातच कंकालेश्वराचे मंदिर पाण्याच्या कुंडात उभे आहे आणि त्याच्या भिंतींचे कोन असे आहेत की सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक कोनाची सावली वेगळी पडते.

पाऊस हवा असेल तर पाटोदा तालुक्यातील सौताडा पाहावा. बीडहून जामखेडकडे जाताना सपाट माळ अचानक संपतो आणि विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते. खाली रामेश्वराचे मंदिर आहे. जवळच नायगावचे मयूर अभयारण्य असल्यामुळे त्या बाजूला ध्वनिवर्धक आणि ड्रोन यांचा विचार सोडून द्यावा. मराठवाडा म्हणजे सपाट आणि उघडाबोडका, असे समजणाऱ्या दिग्दर्शकाला मी आधी येथे आणून उभे करतो आणि मग चर्चा सुरू करतो.

ध्वनिकार

जागेची छायाचित्रे सर्वजण आणतात, जागेचा आवाज कोणीच आणत नाही, ही माझी जुनी तक्रार येथेही लागू आहे. बारवेत बोललेला संवाद दगडावरून परत येतो आणि पुढे डबिंगशिवाय गत्यंतर राहत नाही. जाजम, घोंगड्या किंवा गोधड्या चौकटीबाहेरच्या पायऱ्यांवर अंथरल्या तर घुमारा बराच कमी होतो. दुसरे असे की गावाजवळच्या विहिरींवर कृषिपंप असतात आणि शेतीची वीज चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, येते. म्हणून वीज कधी येते ते वायरमनला आधी विचारावे आणि चित्रीकरणाची वेळ त्याप्रमाणे ठरवावी. मोटारी बंद ठेवा, असे शेतकऱ्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. पाणी देण्याची त्याची पाळी गेली तर पीक आपल्या दृश्यासाठी थांबत नाही. लग्नसराईतील डीजेबद्दल मी काही लिहीत नाही.

मीटरगेज

पाण्याच्या सूत्राला माझा थोडा विरोध आहे, कारण मराठवाड्यातील अनेक दुर्लक्षित जागा रुळांच्या कडेला आहेत. मनमाडहून जालना, परभणी, पूर्णा, नांदेड असा सिकंदराबादकडे जाणारा मार्ग निजामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, मीटरगेजने बांधला गेला. मार्ग आता ब्रॉडगेज झाला असला तरी दगडी इमारती, कर्मचाऱ्यांची बैठी घरे आणि गोदामे कुठे कुठे टिकून आहेत. पूर्ण्याची रेल्वे वसाहत संध्याकाळी पाहिली की काळ ठरवण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

लातूरकडे बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रूळांची गाडी होती, ती १९११ मध्ये लातूरला पोहोचली. रुंदीकरणाच्या वेळी मार्ग धाराशिव शहराकडे वळवण्यात आला आणि त्यामुळे जुन्या मार्गाचा काही भाग रूळ नसलेला भराव आणि छोटे पूल यांच्या रूपात मागे राहिला. सायकलवरून जाणारा मुलगा, भरावावरची बाभळ आणि मागे मावळते ऊन, असे दृश्य कोणाला हवे असेल तर येडशीच्या बाजूला शोध घ्यावा.

परवानगीच्या बाबतीत एक लक्षात ठेवावे. लातूर आणि धाराशिव ही स्थानके मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात येतात, तर जालना, परभणी आणि पूर्णा ही दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात. एका कार्यालयात केलेला अर्ज दुसऱ्या कार्यालयात चालत नाही.

रेकीवाली

मीटरगेज, विरोध मान्य आहे, पण वाफेच्या इंजिनालाही पाणी लागत असे. जुन्या स्थानकांतील पाण्याच्या टाक्या आणि इंजिनात पाणी भरण्याचे वाकडे नळखांब हे मला इमारतींपेक्षा अधिक आवडतात, तेव्हा मी तुम्हाला माझ्याच बाजूला मोजणार आहे.

गढीवरचा

गढ्यांचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटते. मराठवाड्यात गावोगावी देशमुख-पाटलांच्या गढ्या आहेत, खाली दगडाचे जोते आणि वर पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती. आत माळवदाची (मातीच्या सपाट छपराची) घरे, ढेलज (दारालगतची देवडी), धान्याची बळदे आणि पेव, आणि वेढा पडला तर बाहेर जावे लागू नये म्हणून भिंतींच्या आतच आड, हे सारे पुष्कळ ठिकाणी अर्धेमुर्धे उभे आहे. माळवदावर पसरायला पांढरी माती लागते आणि ती गढीतून आयती मिळते, म्हणून गढ्या दर उन्हाळ्यात थोड्या थोड्या कमी होत जातात.

चित्रीकरणाच्या दृष्टीने मात्र सावध राहावे. मातीची भिंत पावसातच कोसळते असे नाही, ओली होऊन फुगते आणि नंतर ऊन लागून सुकू लागली की भेगा पडून कोसळू शकते, त्यामुळे पावसाळ्यानंतरच्या पहिल्या उन्हात तिच्याखाली कोणालाही उभे करू नये. माळवदावर एका वेळी किती माणसे आणि किती वजनाचा कॅमेरा चढवता येईल, हे घरमालकाला विचारावे, त्याच्या शब्दापुढे अभियंत्याचे प्रमाणपत्र फिके आहे. आमच्या भागात एका मालिकेच्या चमूने भिंत जुनी दिसावी म्हणून मुळात जुन्याच असलेल्या भिंतीवर रंग मारला होता. यावर वेगळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

नवा दिग्दर्शक

मी लघुपट करतो आणि मला उजाड, सोडून दिलेले गाव हवे आहे. किल्लारी परिसरातील जुन्या गावांच्या जागा पाहाव्यात असे मला सुचवण्यात आले आहे. तेथे परवानगी कोण देते आणि राहण्याची सोय कुठे होईल?

औशाची

दादा, परवानगी कोण देते हा प्रश्न नंतरचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आलेल्या भूकंपानंतर या भागातील गावे नव्या जागी वसवली गेली आणि जुन्या जागा जशा होत्या तशा मागे राहिल्या. दरवर्षी त्या तारखेला लोक तेथे श्रद्धांजलीसाठी जमतात. ज्या ओट्यावर तुम्ही ट्रॉलीचे रूळ टाकाल तो कोणाच्या तरी घराचा ओटा आहे, आणि त्या घरातील वाचलेले माणूस शेजारच्या नव्या गावात राहते. तुमची कथा त्या भूकंपाविषयी असेल तर आधी त्या माणसांशी बोला, महिनाभर जात-येत राहा, आणि मग त्यांनी होकार दिला तर चित्रीकरण करा. कथा दुसरीच असेल आणि केवळ पडकी भिंत हवी असेल, तर गढ्या आहेत, सुटलेले रेल्वेचे भराव आहेत, ही जागा नको.

आमच्याच औसा तालुक्यात खरोशाची लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याची लेणी काळ्या बेसॉल्टमध्ये खोदलेली आहेत, खरोशाची मात्र जांभ्या दगडात. त्यामुळे भिंतीचा पोत खरबरीत आहे आणि उन्हात सगळा डोंगर तांबूस दिसतो. मूर्ती झिजलेल्या आहेत, पण एखाद्या पौराणिक किंवा काल्पनिक कथेसाठी ती झीजच उपयोगाची ठरते. काळ्या दगडाचा मराठवाडा सर्वांनी पाहिला आहे, तांबड्या दगडाचा फार थोड्यांनी.

नवा दिग्दर्शक

ताई, कथा भूकंपाची नाही, स्थलांतराची आहे. किल्लारीचा विचार सोडला आणि गढीच्या बाजूने शोध घेतो.

रेकीवाली

स्थलांतराची कथा असेल तर पैठणजवळ नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, उन्हाळी काठ पाहावा. या धरणात गावे बुडाली आणि पाणी ओसरते तेव्हा जुन्या वस्त्यांच्या खुणा उघड्या पडतात. उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेर करतात, म्हणजे जी जमीन फेब्रुवारीत पाण्याखाली होती तिच्यावर मे महिन्यात हिरवे पीक उभे असू शकते. रेकीला जाऊन आणलेले छायाचित्र चित्रीकरणाच्या दिवशी निरुपयोगी ठरण्याची एवढी खात्री दुसरीकडे क्वचितच असते. म्हणून धरणातील पाणीसाठ्याचा आकडा पाहत राहावा आणि काठावरची दृश्ये सलग दिवसांत संपवावीत, नाहीतर एका दृश्यात पाणी पायाशी आणि दुसऱ्यात क्षितिजाजवळ असे होते. जलाशय पक्षी अभयारण्य असल्यामुळे वन खात्याची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

बालाघाट

नांदेडकडचा कंधारचा किल्लाही विसरू नये. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचे हे स्थान, भोवती पाण्याचा रुंद खंदक, जवळ जगत्तुंग सागर नावाचा तलाव, आणि एका भव्य क्षेत्रपाल मूर्तीचे सुटे अवशेष. पाऊल, हात असे एकेक अवयव माणसाशेजारी ठेवून पाहिले की मूळ मूर्तीचा आकार कल्पनेत मावत नाही. तुमच्या पाण्याच्या सूत्रात खंदकही बसतो.

शंकेखोर

धागा उत्तम आहे, तरीही एक आक्षेप नोंदवतो. आज वालूरची बारव स्वच्छ आहे ती गावकऱ्यांमुळे. उद्या येथे वाचून चार चमू येतील, एक जण सिमेंटचा चौथरा बांधेल, दुसरा रंगीत दिवे सोडेल, आणि चित्रपट चालला तर मागून रील्स करणाऱ्यांची रांग लागेल. अशा जागांची नावे उघडपणे लिहावीत का?

रेकीवाली

मी यावर पुष्कळ विचार केला आहे आणि माझे मत नावे लिहावीत असेच आहे. ज्या बारवेचे नाव कोणालाच माहीत नव्हते तिच्यात कचरा टाकला गेला आणि काही बारवा रस्त्यासाठी बुजवल्या गेल्या. तेव्हा त्यांच्यासाठी बोलायला कोणीच नव्हते. परंतु अटी आधी ठरल्या पाहिजेत आणि त्या कागदावर असल्या पाहिजेत. महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाच्या एक खिडकी योजनेतून शासकीय परवानगी मिळते, पण ग्रामपंचायतीचे म्हणणे मी वेगळे घेते आणि दगडाला खिळा, रंग किंवा सिमेंट लागणार नाही हे करारात लिहून घेते. स्थळाचे शुल्क गावाच्या खात्यात जमा करावे, एका व्यक्तीच्या हातात देऊ नये. गाळ काढण्याचा खर्च निर्मितीच्या अंदाजपत्रकात धरावा. तो जेवणाच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असतो, पण अजून एकाही निर्मात्याने तो स्वतःहून धरलेला मी पाहिलेला नाही.

ध्वनिकार

नळदुर्गविषयी एक विचारायचे आहे. धबधबे सुरू असताना पाणी महालात संवाद घेण्याचा विचार कोणी केला आहे का? माझ्या मते ते अशक्य आहे.

रेकीवाली

संवाद तेथे घेऊच नयेत. धबधबे वाहत असताना महालातील दृश्ये मूक ठेवावीत. बोलण्याचा प्रसंग पाणी ओसरल्यावर, हिवाळ्यात घ्यावा आणि त्या वेळी खिडकी चौकटीत येऊ देऊ नये. शिवाय धबधबे पाऊस झाला म्हणून लगेच सुरू होत नाहीत, बंधारा पूर्ण भरून सांडव्यावरून पाणी जावे लागते, आणि कमी पावसाच्या वर्षी ते घडतही नाही. तारीख आधी निश्चित करून कलाकारांना बांधून घेणे तेथे उपयोगाचे नाही. स्थानिक माणसाचा दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावा, सुट्टीच्या दिवशी पर्यटकांची गर्दी असते म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवसांची तयारी ठेवावी, आणि सामान सोलापुरात आणून थांबावे.